उथळ पाण्याचे आरमार: छोट्या राज्याची समुद्रनीती

दिल्लीच्या पहाडगंजात मराठी माणसांच्या काही पिढ्या नांदल्या. नूतन मराठी शाळा इथलीच. या भागातल्या मराठी घरांत मराठ्यांचा आणि दिल्लीचा संबंध सगळ्यांना ठाऊक असतो: १७३७ साली बाजीरावांनी दिल्लीच्या वेशीवर दिलेली धडक, १७६० साली सदाशिवरावभाऊंनी घेतलेली दिल्ली, १७७१ नंतर महादजी शिंद्यांनी बादशहाला परत गादीवर बसवणे. हा सारा इतिहास घोड्याच्या टापांचा आहे. समुद्र इथून हजारएक किलोमीटर दूर. त्यामुळे मराठ्यांच्या राज्याची दुसरी बाजू, कोकण किनाऱ्यावरचे आरमार, दिल्लीच्या मराठी मनात सहसा येत नाही. आणि तरीही या आरमाराचा शेवट समजून घ्यायचा, तर कोकणाइतकेच दिल्लीकडेही पाहावे लागते.

छोट्या राष्ट्राने आरमार कसे उभारावे, हा प्रश्न आजही जगातल्या अनेक देशांपुढे आहे. पैसा थोडा, शत्रू मोठा, किनारा मात्र लांब. मराठ्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर नव्वद-शंभर वर्षे टिकले. ते का टिकले आणि का मोडले, हे दोन्ही शिकण्यासारखे आहे.

परवाना दुसऱ्याचा, पाणी आपले

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा स्वराज्याला पहिल्यांदा खाडीचे पाणी लागले. त्या वेळी कोकणच्या समुद्रावर हुकमत परक्यांची होती. पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय व्यापारी जहाजांना फिरू देत नसत. जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावरच्या गावांत उतरून लूट करी, माणसे धरून नेई. सुरतेला आणि राजापूरला इंग्रजांच्या वखारी होत्या. किनाऱ्यावर राज्य असूनही समोरच्या पाण्यात आपला शब्द चालत नाही, ही परिस्थिती कोणत्याही राजाला बोचणारी होती. महाराजांना तिचा अर्थ कळला आणि त्यांनी लगेच काम सुरू केले.

कल्याण, भिवंडी, पेण या भागात जहाजे बांधायला सुरुवात झाली. जवळच्या डोंगरात सागवान होते आणि खाडीत जहाज पाण्यात लोटायला जागा होती. माणसेही होती: कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी. मोठी युद्धनौका बांधण्याचा अनुभव मात्र कमी होता. म्हणून महाराजांनी पोर्तुगीज कारागीर कामाला लावले. रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फर्नांव हे त्यांतले प्रमुख. हे कसब शिवाजीच्या हाती गेले तर आपल्याला जड जाईल, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ओळखले आणि या लोकांना फितवून परत बोलावले. ते एके दिवशी निघून गेले. पण तोवर काम स्थानिक हातांत मुरले होते. बाहेरचे तंत्र घ्यावे, पण त्यावर टांगून राहू नये, हा धडा स्वराज्याला अगदी सुरुवातीलाच मिळाला.

फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून निघून कर्नाटकातल्या बसरूरवर चालून गेले. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात त्या ताफ्याची नोंद ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे अशी आहे. शून्यातून उभे राहिलेल्या आरमाराने सात-आठ वर्षांत राजाला घेऊन एवढी मोहीम करावी, ही विलक्षण गोष्ट होती. आरमाराला घर हवे म्हणून मालवणजवळच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गाची डागडुजी झाली आणि जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा राहिला. या किल्ल्यांमुळे जहाजांना पावसाळ्यात आसरा, दुरुस्तीची जागा, पाणी, दारूगोळा आणि पाठीवर तोफांचे छत्र मिळाले.

गुराब आणि गलबत

या आरमाराची ताकद समजायची तर दोन जहाजे डोळ्यांसमोर आणावी लागतात.

गुराब हे मोठे. दोन किंवा तीन डोलकाठ्या, साधारण दीडशे ते तीनशे टन वजन, लांबीच्या मानाने रुंदी बरीच आणि बूड उथळ. त्याची नाळ पुढे लांब निघालेली असे आणि तिच्या मागे दोन मोठ्या तोफा समोर रोखलेल्या असत. बाजूंनाही तोफा असत, पण खरी मदार पुढच्या माऱ्यावर. गलबत लहान, जास्तीत जास्त सत्तर टनांचे. दोन डोलकाठ्या, मोठे तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. त्यावर हलक्या तोफा किंवा फिरत्या जंबुऱ्या. वारा पडला तरी गलबत वल्ह्यांवर चालत राही.

युरोपीय युद्धनौकेची रचना उलट होती. तिच्या दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असत, म्हणून शत्रूला आडवे होऊन मारा करणे हीच तिची रीत. तिला खोल पाणी लागे आणि वारा तर लागेच लागे. वारा पडला की सत्तर तोफांचे जहाजसुद्धा जागच्या जागी डोलत राही.

मराठ्यांनी आपली लढाई नेमकी इथे बांधली. कोकणात पावसाळा सरला की दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री ते पहाटेपर्यंत जमिनीकडून मतलई वारे वाहतात. या दोहोंच्या मध्ये काही तास समुद्र निवांत पडतो. शत्रूचे मोठे जहाज अशा वेळी अडकले की गलबते दोर लावून गुराबांना ओढत नेत. ती शत्रूच्या मागच्या बाजूने जवळ येत, कारण तिकडे त्याच्या तोफा थोड्या. आधी शिडे आणि दोरखंड फोडायचे, म्हणजे जहाज पांगळे होते. मग गलबतांतून दोन-तीनशे माणसे तलवार घेऊन एकदम चढत. डाव फसला तर ताफा वल्हे मारत खाडीत शिरे. मोठ्या जहाजाला तिथे पाठलाग करता येत नसे, कारण त्याचे बूड वाळूत रुतले असते.

मराठा जहाजे युरोपीय जहाजांपेक्षा लहान होती, म्हणून आरमार कच्चे होते, असे पुष्कळदा वाचायला मिळते. मला हे पटत नाही. उथळ बूड, वल्ही आणि पुढचा मारा ही तीन वैशिष्ट्ये कोकणच्या खाड्यांशी आणि वाऱ्याशी विचारपूर्वक जुळवलेली होती. ज्या पाण्यात लढायचे त्या पाण्यासाठीच ही जहाजे घडवली होती.

खांदेरीची कसोटी

१६७९ च्या पावसाळ्यात महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी माणसे घेऊन मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर उतरला आणि तट बांधू लागला. मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले. बेटाची रसद तोडण्यासाठी त्यांनी कीग्विनच्या हाताखाली ‘रिव्हेंज’सह ताफा पाठवला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या गलबतांनी या ताफ्यावर झडप घातली. इंग्रजांचे ‘डोव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती पडले. ‘रिव्हेंज’ मात्र तोफांच्या बळावर टिकून राहिले आणि गलबतांना मागे फिरावे लागले.

त्या दिवसाच्या चकमकीपुरते बोलायचे तर दोन्ही बाजूंना दावा करायला जागा आहे. पण मोहिमेचा निकाल वेगळ्या गोष्टीने ठरला. मराठ्यांच्या होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, इंग्रजांच्या जहाजांना चुकवून खांदेरीवर धान्य आणि माणसे पोहोचवत राहिल्या. वेढा घालणाऱ्यांना त्या दिसत, पण पकडता येत नसत. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी स्वराज्यात राहिली. शत्रूचा ताफा बुडवता आला नाही तरी त्याचा हेतू हाणून पाडता येतो, हे छोट्या आरमाराचे मोठे शस्त्र तिथे सिद्ध झाले.

कागदावरचे आरमार

जहाजे बांधणे एक आणि ती वर्षानुवर्षे चालती ठेवणे दुसरे. या दुसऱ्या कामाचा विचार १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात सापडतो. त्यांनी आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आणि त्यासाठी वेगळे प्रकरण लिहिले.

त्यातल्या सूचना आजच्या संरक्षण नियोजकांनीही वाचाव्यात अशा आहेत. जहाजे मध्यम आकाराची असावीत. वाऱ्याशिवाय हलू न शकणारी अवाढव्य जहाजे आपल्या कामाची नाहीत. पाच गुराबे आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. पावसाळ्यात सगळी जहाजे एकाच बंदरात न ठेवता दरवर्षी वेगवेगळ्या बंदरांत न्यावीत. लाकडासाठी सागवानासारखी जंगलातली झाडे परवानगीने तोडावीत, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ते झाड वाढवायला माणसाचे आयुष्य जाते.

यातली पैशाबद्दलची सूचना मला सर्वांत दूरदृष्टीची वाटते. आरमाराचा खर्च मुलखाच्या ठरलेल्या उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरातल्या मिळकतीवर सोडू नये. आरमाराला स्वतःचे पोट स्वतः भरायला लावले, तर ते व्यापाऱ्यांना छळू लागेल. व्यापारी बंदर सोडून जातील आणि ज्याच्या रक्षणासाठी आरमार उभे केले तेच नाहीसे होईल. पुढच्या चाळीस वर्षांत काय घडणार, याचा इशाराच अमात्यांनी जणू देऊन ठेवला होता.

कान्होजींचा काळ

संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत आरमार सांभाळले ते कान्होजी आंग्रे यांनी. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवले. सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, आणि किनाऱ्यावरचे किल्ले कान्होजींकडे राहिले. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी ही त्यांच्या साखळीतली बळकट कडी.

कान्होजींनी जुन्या रचनेत नवे बळ भरले. गुराबांवरच्या तोफा वाढवल्या. डच आणि पोर्तुगीज गोलंदाज नोकरीस ठेवले. समुद्रावर आपला दस्तक चालवला: त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांचा परवाना घ्यावा, नाहीतर जप्तीला तयार राहावे. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. पण पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करत आले होते आणि इंग्रजही आपले परवाने देतच होते. किनाऱ्याच्या मालकाने आपल्या पाण्यात परवाना मागितला, एवढाच काय तो कान्होजींचा गुन्हा.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने त्यांचा बीमोड करण्याचा चंग बांधला. १७१८ साली खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२० साली विजयदुर्गावर ‘फ्राम’ नावाचा सपाट बुडाचा तरंगता तोफखाना खास बांधून आणला, तोही निरुपयोगी ठरला. १७२१ च्या अखेरीस खुद्द इंग्लंडच्या राजाच्या आरमारातल्या चार युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज पोर्तुगीजांच्या साथीने कुलाब्यावर चालून आला. किल्ल्याचा तट, किनाऱ्यावरचे मराठे स्वार आणि मदतीला आलेले बाजीराव यांच्यापुढे हा हल्लाही मोडला. पोर्तुगीजांनी बाजीरावांशी वेगळा तह केला आणि मॅथ्यूज हात हलवत परतला. समुद्रावरचे कान्होजी आणि जमिनीवरचे पेशवे एकमेकांच्या पाठीशी उभे होते, म्हणून हे घडले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. तोवर त्यांना समुद्रावर कोणी नमवू शकले नव्हते.

जिथे कमी पडलो

या आरमाराचे गुणगान करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर शिकायचे राहून जाईल. मोठ्या लोखंडी तोफा आपण पुरेशा ओतू शकलो नाही. त्या परक्यांकडून विकत घ्याव्या लागत किंवा पकडलेल्या जहाजांवरून काढाव्या लागत. खोल समुद्रात नक्षत्रांवरून आणि नकाशांवरून दूरची वाट काढण्याचे शास्त्र रुजले नाही. शत्रूला किनाऱ्याजवळ अडवता येई, पण त्याच्या घरापर्यंत जाता येत नसे. अठराव्या शतकात युरोपातली जहाजे वर्षागणिक बदलत होती: तोफा वाढल्या, गोलंदाजीचा वेग वाढला, उखळी तोफा डागणारी खास जहाजे आली. कान्होजींच्या मुलांच्या आणि नातेवाइकांच्या भांडणात कुलाबा आणि विजयदुर्ग अशी आरमाराची दोन शकले झाली. दुभंगलेल्या आरमाराला या बदलाशी बरोबरी करणे कठीण होते.

तरी विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे शूर होते. १७५४ साली त्यांनी डचांच्या तीन जहाजांवर हल्ला करून दोन जाळली आणि एक पकडले. त्यांच्या गोदीत मोठी युद्धनौका बांधली जात होती. म्हणजे आधुनिकीकरणाची धडपड संपली नव्हती. पण तुळाजी पेशव्यांचा हुकूम मानत नव्हते आणि किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना व शेजाऱ्यांना त्यांचा जाच होत होता. अमात्यांनी सांगितलेला धोका खरा ठरला होता.

१३ फेब्रुवारी १७५६

नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये आपला कोकणातला सुभेदार रामाजी महादेव याच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशी करार केला: दोघांनी मिळून तुळाजींना ठेचायचे. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचा ताफा विजयदुर्गापुढे आला. केंट, टायगर, कंबरलँड, सॅलिसबरी अशी मोठी जहाजे त्यात होती आणि सैन्याचा सेनापती होता रॉबर्ट क्लाइव्ह.

आंग्र्यांची गुराबे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधून उभी होती. एक पेटता गोळा त्यांतल्या एका जहाजावर पडला. ते जहाज म्हणजे पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेले ‘रिस्टोरेशन’. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि काही तासांत सारे आरमार जळाले. १३ तारखेला किल्ला पडला. जहाजे विखरून ठेवण्याचा अमात्यांचा सल्ला त्या दिवशी किती मोलाचा ठरला असता!

पुढच्या घटना सलग वाचाव्यात. विजयदुर्ग घेणारा हाच ताफा आणि हाच क्लाइव्ह जानेवारी १७५७ मध्ये कलकत्त्यात होते. मार्चमध्ये केंट आणि टायगर यांनी चंद्रनगर फोडले. जूनमध्ये प्लासी झाली. त्याच वर्षी मराठ्यांच्या फौजा दिल्लीत होत्या. पुढच्या वर्षी त्या अटकेपर्यंत गेल्या. १७६० साली भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, पण खजिना इतका रिकामा की दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली. तटाबाहेर, अजमेरी दरवाजापलीकडे असलेला पहाडगंज हा तेव्हाचा धान्याचा मोठा बाजार. पण फौजेला धान्य आणि पैसा दोन्ही कमी पडले. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले.

मराठा राज्याने दिल्लीची वाट धरली यात चूक नव्हती. ते भारतभराची जबाबदारी घेऊ पाहत होते. चूक ही की तुळाजींना वठणीवर आणण्यासाठी घरच्या समुद्रातला बळकट खांब परक्याच्या हाताने पाडला. बंडखोर सरदाराला आवरता येते. गेलेले आरमार, गेलेले गोलंदाज आणि कारागीर, आणि समुद्रावरचा दरारा पुन्हा जमवायला पिढ्या लागतात. नंतर आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार विजयदुर्गावर उभे केले. १७८३ साली त्यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडलेही. पण आता त्या समुद्रावरचा यजमान बदलला होता.

आजच्या छोट्या आरमारांसाठी

कोकणातले हे अनुभव आजही उपयोगी आहेत. १९७१ च्या डिसेंबरात भारतीय नौदलाच्या निपात, निर्घात आणि वीर या जेमतेम दोनशे टनांच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. किल्तान आणि कच्छल या मोठ्या नौका त्यांच्या सोबतीला होत्या. समोर मारा करणारी छोटी, वेगवान नौका आणि तिला आधार देणारी मोठी नौका ही जोडी गलबत-गुराबांनी कोकणात जुनी करून ठेवली होती. श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या छोट्या नौकांशी लढताना मोठ्या जहाजांवर विसंबणे सोडले आणि स्वतःच घडवलेल्या लहान वेगवान नौकांचे थवे उभे केले. २००७ साली त्याच नौदलाच्या मोठ्या गस्ती नौकांनी खोल समुद्रात जाऊन लिट्टेची शस्त्रे वाहणारी जहाजे बुडवली. लढाईनंतर गस्तीची गरज वाढली, तेव्हा गोवा शिपयार्डने बांधलेल्या ‘सयुराला’ आणि ‘सिंदुराला’ या नौका २०१७ आणि २०१८ मध्ये श्रीलंकेच्या ताफ्यात आल्या. उथळ पाणी आणि खोल समुद्र या दोन्हींसाठी वेगळी साधने हवीत, हे या देशाला कळले.

आपल्या नौदलाने ही परंपरा मान्य केली आहे. मुंबईतल्या तळाचे नाव आय.एन.एस. आंग्रे, पाणबुडीचे नाव खांदेरी, आणि २ सप्टेंबर २०२२ पासून नौदलाच्या निशाणावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. नावे आणि चिन्हे हवीतच. त्याहून मोठा वारसा कामाच्या पद्धतीत आहे. आपले पाणी कसे आहे ते आधी ओळखावे आणि जहाज त्याच्या मापाने बांधावे. बाहेरचे तंत्र घ्यावे आणि ते आपल्या कारागिरांच्या हातात मुरवावे. आरमाराला ठरलेला, नियमित पैसा द्यावा. त्याला लुटीवर किंवा परक्याच्या मदतीवर जगवू नये. दर काही वर्षांनी शत्रू कसा बदलला ते पाहून आपणही बदलावे. आणि आरमाराचा प्रमुख कितीही डोईजड झाला, तरी त्याला आवरण्यासाठी समुद्र दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण तिचा निर्णय समुद्रावर होत नाही. तो राजधानीत होतो. राजधानी पुण्यात असो, कोलंबोत असो की दिल्लीत, तिथे बसणाऱ्यांना किनाऱ्याची किंमत कळत असेल तरच छोटे आरमार मोठ्या शत्रूला थोपवू शकते.